हातगाडीची सावली

चित्रांची कार्डं मला बघवत नाहीत. कुणाच्या फ्रिजवर चिकटवलेली असोत, कुणी वाढदिवसाला पाठवलेली असोत, नाहीतर पुस्तकात खूण म्हणून घातलेली असोत, दिसली की मी तोंड फिरवते. एकोणीस वर्षं छापखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी राहून मी ती उलटली आहेत. पाणकमळं, पूल, होड्या, छत्रीवाली बाई. दीडशे वर्षांपूर्वी परदेशातले काही चित्रकार हट्टाला पेटले, की उन्हात उभं राहायचं आणि उजेड डोळ्याला दिसतो तसाच रंगवायचा. इम्प्रेशनिस्ट म्हणतात त्यांना. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आता त्याच लोकांची पतवंडं ही चित्रं तळहाताएवढी करून विकत घेतात आणि मागच्या बाजूला 'मजेत आहोत, हवा छान आहे' असं लिहून पाठवतात.

पण मी लिहितेय ते मामाबद्दल. त्यात मी शेवटी येते. आले नसते तर बरं झालं असतं.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. घरी मी त्याला अरे-तुरे करायची आणि छापखान्याचं फाटक ओलांडलं की अहो-जाहो. हा नियम त्यानेच घातला होता. तिथे सगळे त्याला झाकमास्तर म्हणायचे. छापलेल्या चित्रात नको तो रंग हळूच शिरतो. पांढऱ्यात पिवळा, राखाडीत गुलाबी. त्याला झाक म्हणतात. ती पकडायची हे मामाचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मशीनमधून पहिला चांगला ताव निघाला की तो मामाच्या खोलीत जायचा. मामा भिंग लावून बघायचा, मग कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचा, 'झाक नाही', आणि खाली सही. त्या दोन शब्दांशिवाय मशीन सुटत नसे.

त्याची खोली बघायला माणसं यायची, इतकी ती कंटाळवाणी होती. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबल राखाडी, अंगात राखाडी कोट. खिडकी लाकडी फळीने बंद केलेली, कारण बाहेरचा उजेड तासातासाला बदलतो आणि डोळ्याला फसवतो. वर एकच दिवा, ठरावीक पांढरा. मी एकदा लाल स्वेटर घालून आत गेले तर त्याने मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. म्हणाला, "तुझ्या स्वेटरचा रंग माझ्या कागदावर पडतोय. बाहेर काढून ये."

घरीसुद्धा तेच. माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा सगळे म्हणत होते किती गोड दिसतेय, आणि मामा म्हणाला, "गुलाबी झाक आहे." नवरदेवाच्या आईने त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. मामी म्हणायची, "माझ्या तोंडाकडे एवढं निरखून बघितलं असतं ना, तर मी म्हातारी झाले हे तरी कळलं असतं." पण डोळा खरा होता. मशीनवाल्याला एका सकाळी त्याने दारातच थांबवलं आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. डोळ्याच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. मशीनवाला हसला, दुपारी तपासून आला, आणि पुढचे दोन महिने काविळीने अंथरुणाला खिळला. त्यानंतर मामाच्या शब्दाला छापखान्यात कुणी 'पण' म्हटलं नाही.

मला कामाला त्यानेच लावलं आणि शिकवलंही त्यानेच. कार्डं कापून माझ्या टेबलावर यायची, मी एकेक उलटून बघायची आणि खराब बाजूला काढायची. पहिल्या दिवशी त्याने मला सांगितलं ते आजही तसंच्या तसं कानात आहे. "राखाडीकडे बघ. बाकी रंग खोटं बोलतील, राखाडी बोलत नाही. राखाडीत रंग दिसला की कार्ड बाद. विचार करायचा नाही. विचार केला की डोळा फसतो." मी विचार न करायला शिकले. ते फार चांगलं जमलं मला.

आता हातगाडीबद्दल. आमच्याकडे कुणी चित्राचं खरं नाव घेत नसे. एक चित्र होतं बर्फाच्या रस्त्याचं. दोन्हीकडे निष्पर्ण झाडं, मधून एक माणूस पाठ करून हातगाडी ओढत चाललेला, आणि गाडीची लांबच लांब सावली बर्फावर पडलेली. त्याला आम्ही हातगाडी म्हणायचो. छापखान्याचं सगळ्यात जास्त खपणारं कार्ड ते, आणि मामाची सगळी पत त्या कार्डावर उभी होती.

कारण असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मामा रंगविभागात साधा मदतनीस होता. परदेशातून त्या चित्राची छपाईची फिल्म आली, तिच्यावरून पहिलं प्रूफ निघालं, आणि बर्फावरची सावली निळी आली. चांगली निळी, कुठे कुठे जांभळटसुद्धा. मोठमोठे कारागीर बघून गेले आणि कुणालाच काही खटकलं नाही. मामाला खटकलं. बर्फ पांढरा, त्यावरची सावली राखाडी. राखाडीत निळा शिरला म्हणजे फिल्मला झाक आहे. तेव्हाच्या फिल्मांना अशी झाक असायची, हेही खरंच. बर्फ मामाने आयुष्यात पाहिला होता तो सरबताच्या ग्लासात. चार दिवस भिंगाखाली बसून, बारीक ब्रश घेऊन त्याने फिल्मच्या नकलेवर सावलीतले निळे ठिपके एकेक करून कमी केले. पाचव्या दिवशी सावली राखाडी झाली, छान, स्वच्छ, शाळेच्या पाटीसारखी. थोरल्या मालकांनी जुनं प्रूफ आणि नवं प्रूफ शेजारी शेजारी धरलं आणि सगळ्या छापखान्यासमोर म्हणाले, "याला म्हणतात डोळा." महिन्याभरात ती खोली मामाला मिळाली. झाकमास्तर हे नावही तेव्हाचंच.

पुढे थोरले मालक गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. मी एकोणीस वर्षांत याच्याइतका किळसवाणा माणूस पाहिला नाही. कार्डांचा गठ्ठा हातात घेतला की बोट जिभेला लावायचं आणि उलटायचं, पुन्हा जिभेला, पुन्हा उलटायचं. त्याने हात लावलेल्या गठ्ठ्यातली वरची कार्डं मी फडक्याने पुसून घ्यायची. रंग त्याला कळायचे नाहीत. स्वतःच सांगायचा हसत हसत, "आपल्याला सगळं सारखंच दिसतं बाबा, डोळे आहेत मास्तरांकडे." छापखाना चालवायचा रंगाचा आणि हे असं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मामाच्या निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हा बातमी आली, की गावातल्या मोठ्या संग्रहालयात परदेशाहून चित्रं येताहेत, दीड महिन्यासाठी उसनी. त्यात हातगाडीचं मूळ चित्र होतं. संग्रहालयाच्या दुकानात आमची कार्डं ठेवायची ठरली. शिल्लक होती ती दोन हजार लगेच गेली, आणि आणखी आठ हजारांची मागणी आली. मालकाने आनंदाच्या भरात मामाला दोन फुकट पास दिले. मामीने हात जोडले. "अठ्ठावीस वर्षं जेवताना तीच हातगाडी ऐकतेय, आता बघायला नेऊ नका." म्हणून रविवारी त्याच्याबरोबर मी गेले.

काय ती गर्दी. जो तो चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. अत्तराचे, ओल्या छत्र्यांचे, चघळायच्या गोळ्यांचे वास एकमेकांत मिसळले होते. एक गृहस्थ होड्यांच्या चित्रासमोर उभे राहून फोनवर कुणाला तरी नळाच्या गळतीबद्दल ओरडत होते. मामा राखाडी कोट घालूनच आला होता. सगळ्यांमधून वाट काढत तो सरळ हातगाडीपर्यंत गेला. खिशातून आपलं कार्ड काढलं. एकदा वर बघितलं, एकदा खाली.

मी त्याच्या मागे होते, त्याच्या खांद्यावरून मला चित्र दिसलं. सावली निळी होती. थोडीथोडकी झाक नव्हे. निळीच, कडेला जांभळी, जिथे चाक टेकलं होतं तिथे जवळजवळ हिरवी. आणि त्या निळ्यामुळे बर्फावर ऊन पडलेलं दिसत होतं. आमच्या कार्डात ऊन नव्हतंच. आमच्या कार्डात एक माणूस चुना फासलेल्या रस्त्यावरून गाडी नेत होता.

 मामा कार्ड चित्राच्या शेजारी धरून बघत राहिला. तेवढ्यात मागून एक बाई पुढे झाल्या, त्यांच्या हातातही आमचंच कार्ड होतं, दुकानातून नुकतंच घेतलेलं. त्यांनीही दोन्हीकडे बघितलं आणि बरोबरच्या बाईंना म्हणाल्या, "कार्डात जास्त छान आलंय, नाही? हे खराब झालंय बहुतेक, जुनं ना." दोघी पुढे सरकल्या. मला त्या बाईंच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणाले, आणि मग लक्षात आलं की तो बिनचवीचा गूळ आम्हीच करून विकलाय.

बाहेर आल्यावर मामा पायऱ्यांवर बसला. पाऊस थांबून ऊन पडलं होतं.  मग त्याने खिशातला पांढरा रुमाल काढून पायरीवर उन्हात पसरला आणि त्याच्यावर आपला पंजा आडवा धरला.

"बघ," तो म्हणाला. "सावलीत काय दिसतंय?"

मी वाकून बघितलं. आधी मला राखाडी दिसली, कारण राखाडी दिसायचीच मला सवय. मग डोळे ठरले.

"निळी आहे रे," मी म्हणाले.

"वर आभाळ निळं आहे. ऊन अडवलं की उरतो तो आभाळाचा उजेड. साधी गोष्ट आहे." त्याने हात काढला, पुन्हा धरला. "मी खिडकीला फळी मारून बसलो तीस वर्षं. त्या माणसाने थंडीत उभं राहून जे बघितलं, ते मी चार दिवस बसून पुसून काढलं. आणि त्याच्यावर बढती घेतली."

मी म्हणाले, "तेव्हा तुला काय माहीत."

"नव्हतं माहीत, तर विचारायला हवं होतं. झाक म्हणून खोडायला नको होतं." मग तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "शी. किळस येते मला माझी." मामाच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्याने रुमाल झटकला, घडी घातली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला.

सोमवारी सकाळी तो मालकाच्या खोलीत गेला. मी नमुने घेऊन आधीपासून तिथे उभी होते. मामा म्हणाला, "मालक, हातगाडी चुकलेली आहे. सावली निळी हवी. चित्र इथेच आहे, तुम्ही स्वतः जाऊन बघा."

मालकाने कार्ड उचललं, बोट जिभेला लावलं, उगाचच उलटून मागची बाजू बघितली. "मास्तर, ही निळी तुम्हीच काढलीत ना? त्याच्यावर तर वडिलांनी तुम्हाला खोली दिली."

"हो. ती चूक होती."

"अठ्ठावीस वर्षं खपणारी चूक कुठे मिळते हो?" तो हसला. "लोकांना आहे ते आवडतंय. आता निळी केली तर म्हणतील शाई सांडली. संग्रहालयाने मागणीच्या कागदाला जुनं कार्ड टाचून पाठवलंय, असंच हवं म्हणून. त्यांना चालतंय, तुम्हाला का बोचतंय? महिना राहिलाय, सुखाने जा."

"ते कार्ड चित्राच्या जवळच विकायला ठेवतात," मामा म्हणाला. "चार पावलांवर."

"मग? चित्र कुणी घरी नेतंय का?"

मामा बाहेर आला. मी मागोमाग जाणार तर मालकाने मला थांबवलं. म्हणाला, "महिनाअखेरीला ती खोली रिकामी होतेय. बाहेरून माणूस आणायचा की तुला बसवायचं, ठरवायचंय. तुझा डोळा मास्तरांनीच तयार केलाय म्हणतात. बघू किती पक्का आहे." मी मान डोलावली. माझ्या पायांच्या शिरा तेव्हा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. संध्याकाळी पाय उशीवर ठेवल्याशिवाय झोप लागत नसे. मामाच्या खोलीत खुर्ची होती. मला त्या खुर्चीची हाव सुटली होती, आणि ती आजची नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर पुढचं कुणाला कळणार नाही.

दुपारी चहाच्या वेळी मामा माझ्या टेबलाशी आला. आवाज खाली करून म्हणाला, "ती पहिली फिल्म अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यावरून निळ्याची प्लेट नवी काढून घेतो. बाकी तिन्ही रंगांच्या जुन्याच. गुरुवारी लावतो."

"आणि मालक?" मी विचारलं.

"त्याला दिसणार नाही. दिसलं तर तुला दिसेल." तो माझ्याकडे बघत होता, त्या भिंगातून बघायचा तसा. "आठ हजार कार्डं जाऊ दे एकदा बरोबर. चित्र इथे आहे तोवर. मग मी सुटलो. तू काही करायचं नाहीस, फक्त गप्प बसायचं."

"बसेन की," मी म्हणाले. मूग गिळून बसायचं, एवढंच तर काम. त्यात काय मोठंसं, असं मला खरोखर वाटलं होतं.

गुरुवारी मशीन सुटलं. मी मुद्दाम जाऊन मंजुरीचा ताव बघितला. कोपऱ्यात त्याने 'झाक नाही' लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'मूळ चित्राप्रमाणे'. खाली सही, आणि सहीचं शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. शुक्रवारी सकाळी कार्डं कापून माझ्या टेबलावर आली. वरचं पहिलंच कार्ड मी हातात घेतलं आणि मला हुडहुडी भरल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते चित्र थंड वाटलं. गाडीवाल्याचे पाय जमिनीला टेकले होते. त्याच्या पाठीवर ऊन होतं. मी मान वर केली तर मामा आपल्या खोलीच्या दारात उभा होता. आम्ही दोघं हसलो. मी गठ्ठे बांधायला घेतले. माल न्यायची गाडी दाराशी येऊन उभी होती, चालक बाहेर बसून शेंगा सोलत होता.

सहा हजारांवर बांधून झाली असतील तेव्हा मालक आला. संग्रहालयाचा कागद हातात, त्याला टाचलेलं जुनं कार्ड. तो गाडीचा हिशेब बघायला आला असणार. जाता जाता त्याने माझ्यासमोरचं एक कार्ड उचललं, बोट जिभेला लावून दोन-चार उलटली, आणि थबकला. जुनं आणि नवं शेजारी शेजारी धरलं. अगदी त्याच्या बापाने धरलं होतं तसं.

"हे वेगळं दिसतंय का?" तो म्हणाला. "का मलाच वाटतंय? मास्तरांना काय विचारायचं, ते सोमवारपासून निळीच्या मागे लागलेत." मग कार्डं माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तू बघ. तुझा डोळा बघू आता. सावलीत झाक आहे का?"

मामा दारातच होता. दहा पावलांवर.

मी 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. मालकाला दिसत नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलं होतं. दोन अक्षरं म्हणायची होती, आणि ती खोटीही नव्हती. झाक नव्हतीच ती, सावलीच होती. मला ते माहीत होतं. रुमालावर मी स्वतः वाकून बघितलं होतं. पण मनात आलं, उद्या संग्रहालयाने परत पाठवली तर? मग माझा डोळा कच्चा ठरेल, बाहेरून माणूस येईल, आणि मी साठ वर्षांची होईपर्यंत या टेबलाशी उभी राहीन. हे सगळं श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात मनात येऊन गेलं.

"आहे," मी म्हणाले. "निळी. सावलीत."

"हं," मालक म्हणाला. "पक्का आहे डोळा."

कुंपणानेच शेत खाल्लं, म्हणतात ना, ते असं. आवाज नाही, भांडण नाही. मी त्या वेळी मामाकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मालक माझ्याकडे बघत होता आणि मला हुशार दिसायचं होतं. हे दुसरं आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं.

बांधलेले गठ्ठे सोडले. आठ हजार कार्डं कटरखाली घालून पट्ट्या केल्या. रद्दीत जाताना कार्डं अख्खी जायची नाहीत हा छापखान्याचा नियम. कटरवाला विचारत होता, "यात वाईट काय आहे? मला तर बरं वाटतंय."  निळ्या सावलीच्या चिंध्या जमिनीवर पडत होत्या आणि झाडूवाली त्या गोणीत भरत होती. एक कार्ड बाजूला काढून ठेवावं, असंसुद्धा मला सुचलं नाही.

आणि दुपारी मामाने जुनी प्लेट लावून आठ हजार हातगाड्या पुन्हा छापून दिल्या. राखाडी, स्वच्छ. पहिल्या तावाच्या कोपऱ्यात नेहमीच्या अक्षरात लिहिलं, 'झाक नाही'. मालक त्याला ओरडलाही नाही. पाठीवर थाप मारून म्हणाला, "होतं असं मास्तर, वय झालं की." मला वाटतं, मामाला शिव्या चालल्या असत्या.

सुटी झाल्यावर मी फाटकाशी थांबले. तो आला. राखाडी कोट हातावर घेतलेला, रोजच्यासारखा. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते, "मामा, तुम्ही मला..." फाटकाच्या बाहेर उभी राहून मी त्याला अहो-जाहो करत होते.

तो थांबला. "तू बरोबर पकडलंस," तो म्हणाला. "राखाडीत रंग दिसला, कार्ड बाद. मीच शिकवलंय."

"मला माहीत होतं रे. मला सगळं माहीत होतं," मी म्हणाले.

"ते मला कळलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं." त्याने कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "केलंच की. खोलीसाठीच केलं होतं. झाक आहे का हे कुणाला तरी विचारायचं मनात आलं होतं तेव्हा, पण विचारलं असतं तर श्रेय वाटून घ्यावं लागलं असतं. नाही विचारलं." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "फार सुजलेत. आता बसायला मिळेल तुला." यात टोमणा असता तर मी तो आयुष्यभर धरून बसले असते आणि बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्याला खरंच माझ्या पायांची काळजी होती.

महिनाअखेरीला तो गेला. पुढे चित्रही परत गेलं. मामा आता घरी असतो, मामी सांगते की अंगणात खुर्ची टाकून बसतो, दुपारचं ऊन भिंतीवर कसं सरकतं ते बघत. मी गेले की चहा विचारतो. छापखान्याचं काही विचारत नाही.

खोली मला मिळाली. भिंती राखाडी, कोट राखाडी, खिडकीची फळी तशीच. पाय बरेच उतरले आहेत, शिरा आता हाताला लागत नाहीत. मालक कधीमधी आत येतो, बोट जिभेला लावून ताव उलटतो आणि म्हणतो, घराण्यातच डोळा आहे. त्याची किळस पूर्वीइतकी येत नाही. एका छापखान्यात किती माणसांची किळस करायची, त्यालाही मर्यादा असते, आणि माझा सगळा वाटा आता एका ठिकाणी लागतो.

मागच्या आठवड्यात हातगाडी पुन्हा लागली. दुकानांची मागणी आहे, पाच हजार. पहिला ताव टेबलावर आला, मी दिवा खाली ओढला आणि भिंग लावून सावली बघितली. मशीन बाहेर थांबलं होतं, मशीनवाला दारात उभा होता, म्हणाला, "काय करू ताई, सोडू?" मी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात लिहिलं, 'झाक नाही', आणि खाली सही केली.